पुरवणी वाचून कळत नाही

रोलप्लेइंग गेमच्या पुरवण्यांची परीक्षणं वाचताना मला लग्नाच्या हॉलची चौकशी आठवते. पानं किती, कागद कसा, चित्रं रंगीत आहेत का, पैसे वसूल झाले का. टेबलाभोवती चार जण बसून फासे टाकू लागले तेव्हा त्या पुस्तकानं काय केलं, याबद्दल बहुतेकदा अवाक्षर नसतं. एकही पदार्थ न करता पाककृतींचं पुस्तक जोखण्यातला हा प्रकार. या मापानं विज्ञानकथेच्या खेळांसाठी निघालेली एक अव्वल पुरवणी सरळ नापास होते.

ती म्हणजे ‘द स्पिनवर्ड मार्चेस’. मार्क मिलर यांचा ‘ट्रॅव्हलर’ हा खेळ अमेरिकेतल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपनं १९७७ साली काढला, आणि १९७९ साली त्याची ही तिसरी पुरवणी आली. यात एक जण रेफरी होऊन जग चालवतो, बाकीचे त्यात एकेक पात्र होऊन वावरतात. पुस्तिकेत मुख्यतः सोळा नकाशे आणि चारशेहून अधिक ग्रहांची यादी. दिसायला टेलिफोन डिरेक्टरी. रेजिना या ग्रहाची नोंद बघा: ए७८८८९९-ए. उत्तम अंतराळबंदर, सुमारे सात हजार मैल व्यास, दाट हवा, ऐंशी टक्के पाणी, कोट्यवधी लोक, निर्विकार नोकरशाहीचं राज्य, आणि घराबाहेर कुठलंही शस्त्र बाळगायला बंदी. शेवटचा ‘ए’ तंत्रज्ञानाची पातळी सांगतो: दहा. (हेक्साडेसिमल. प्रोग्रामर मंडळी इथे सुखावतात.) आता कंबरेला पिस्तूल लावलेली तुमची पात्रं तिथे उतरतात. पुढचं लिहून द्यायची गरज उरते का?

नकाशा तर याहून धारदार आहे. एक षटकोन म्हणजे एक पार्सेक. एका उडीला साधारण आठवडा लागतो, आणि बातमी जहाजापेक्षा वेगानं जात नाही. स्वस्तातलं व्यापारी जहाज एका उडीत एकच षटकोन ओलांडतं. त्यामुळे दोन ताऱ्यांमध्ये दोन रिकामे षटकोन आले की गरीब व्यापाऱ्याचा तो रस्ता बंद. आरमार मात्र ते अंतर सहज तोडतं. कोण कुठे जाऊ शकतो, कोणाला बातमी आधी कळते, हे सगळं राजकारण त्या कोऱ्या जागांमध्ये आहे.

‘पण हे तर फाशांनी काढलेले आकडे!’ हा आक्षेप खरा आहे. लोकसंख्येचा फासा हवेकडे बघतच नाही, म्हणून निर्वात खडकावरही अब्जावधी लोक राहू शकतात. आमच्या धंद्यात याला बग म्हणतात. ‘कल्पनाशक्तीला वाव’ म्हणून त्याची भलामण करणारे चाहते अर्धे आळशी आहेत, कारण दुरुस्तीचं काम शेवटी बिचाऱ्या रेफरीच्या गळ्यात पडतं. पण प्रत्येक ग्रहाच्या राजघराण्याची वंशावळ छापणारे जाडजूड ग्रंथ हा त्यावरचा उपाय नव्हे. ‘इथे राज्य कोणाचं?’ असं खेळाडूनं विचारल्यावर रेफरी पानं उलटत बसला, तर त्याचा कारकून झाला.

माझं खरं भांडण वेगळं आहे. शासनाच्या रकान्यात ६ हा आकडा आला की अर्थ होतो ‘अंकित शासन’: वसाहत, किंवा जिंकलेला प्रदेश. कोणाचा अंकित, कधीपासून, कोण विरोध करतंय, हे तो आकडा सांगत नाही. कायद्याची कडकपणाची पातळीसुद्धा मुख्यतः कुठली शस्त्रं बाळगता येत नाहीत यावरून ठरते, म्हणजे जहाजातून उतरणाऱ्याच्या खिशावरून. सगळा तक्ता पाहुण्यासाठी आखलेला आहे. खेळाचं नावच ‘ट्रॅव्हलर’. तिथेच जन्मलेल्यांसाठी रकाना नाही. १९४७ पर्यंत कोणाच्या तरी वहीत आपलीही नोंद ६ अशीच झाली असती, तेव्हा आपल्याला तरी हे खटकायला हवं. पानं मोजणाऱ्या परीक्षकाला ते दिसणार नाही. त्यासाठी टेबलावरच्या कोणीतरी म्हणावं लागतं, ‘मी या जहाजातला नाही, मी याच ग्रहावरची आहे.’