पट्टा कधी बांधला?

युक्रेनच्या आघाडीवरून रोज बातम्या येतात. कोणते गाव कोणी घेतले, किती ड्रोन पाडले. माझ्यासारख्या सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरची नजर मात्र दुसऱ्याच गोष्टीवर जाते : जखमी सैनिक शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत किती तासांनी पोहोचला?

अमेरिकी सैन्याच्या २००१ ते २०११ मधल्या ४,५९६ मृत्यूंचा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. त्यातले ८७ टक्के सैनिक रुग्णालय गाठण्याआधीच गेले होते. वाटेतच गेलेल्या या सैनिकांपैकी जवळपास चौथा हिस्सा कदाचित वाचू शकला असता, आणि अशांपैकी दहातल्या नऊ जणांचा घात रक्तस्रावाने केला होता. म्हणूनच २००९ मध्ये अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी अफगाणिस्तानात जखमीला ६० मिनिटांच्या आत हेलिकॉप्टरने हलवण्याचा आदेश दिला होता. त्यामुळे जीव वाचले. पण तिथले आकाश अमेरिकेच्या ताब्यात होते, हे विसरायला नको.

युक्रेनमध्ये हेलिकॉप्टर आघाडीजवळ फिरकूच शकत नाही. रस्त्यांवर ड्रोनचा पहारा आणि रुग्णवाहिका हे त्यांचे आवडते सावज. जखमीला हलवायचे तर रात्रीची, धुक्याची किंवा पावसाची वाट पाहावी लागते. तोवर खंदकात त्याच्याजवळ असतो तो मेडिक. तो डॉक्टर नसतो, बहुधा काही आठवड्यांचे प्रशिक्षण घेतलेला तरुण असतो किंवा तरुणी.

त्याच्या हातातले सगळ्यात मोलाचे साधन म्हणजे टॉर्निकेट, हातापायाला आवळून रक्तप्रवाह थांबवणारा पट्टा. तो आवळला की रक्त थांबते आणि घड्याळ सुरू होते. दोन तासांपर्यंत सहसा कायमचे नुकसान होत नाही. सहा तास उलटले की तो अवयव वाचण्याची आशा फार कमी. शिवाय इतक्या उशिरा पट्टा सोडला तर मेलेल्या स्नायूंमधले पोटॅशियम एकदम रक्तात येते. हृदय बंद पडू शकते, मूत्रपिंडे निकामी होतात. एक तासाची वाट गृहीत धरून बेतलेली पद्धत दहा-बारा तासांच्या प्रतीक्षेत उलटते, आणि वाचू शकले असते असे हातपाय कापावे लागतात.

म्हणून आता तिथल्या मेडिकना पट्टा बांधायलाच नव्हे, तर वेळेत पुन्हा तपासून सैल करायला, जखमेत पट्टी ठासून भरायलाही शिकवले जाते. पट्टा आवळायला ताकद लागते. तो सोडायचा निर्णय अंधारात, एकट्याने घ्यायचा, तर छाती लागते. गोळीबारात धावत जाणाऱ्याचे शौर्य सगळ्यांना दिसते. रात्रभर एका माणसाची नाडी धरून बसणाऱ्याचे छायाचित्र कोणी काढत नाही. मला स्वतःला हे दुसरे शौर्य अधिक अवघड वाटते. कॅज्युअल्टीत चार नर्स, रक्तपेढी आणि दिवा असतानाही असा निर्णय घेताना आमचे हात क्षणभर थबकतात.

१९४९ च्या जीनिव्हा करारानुसार वैद्यकीय पथकांवर हल्ला करता येत नाही. सुरक्षा परिषदेने २०१६ मध्ये २२८६ क्रमांकाचा ठराव करून तेच पुन्हा बजावले. प्रत्यक्षात युक्रेनमधल्या अनेक पथकांनी गाड्यांवरची लाल क्रॉसची खूण झाकून टाकली आहे. जी खूण ढाल म्हणून दिली, तीच नेम धरायला उपयोगी पडते, असा त्यांचा अनुभव. आता काही ठिकाणी जखमींना आणायला चाकांचे यंत्रमानव पाठवतात. एक मेडिक गमावला तर पुढचे अनेक जखमी गमावले, हा त्यामागचा हिशेब.

आमच्याकडे अपघातातले रुग्ण येतात ते पायाला ओढणी नाहीतर सुतळी करकचून बांधलेले. बांधणाऱ्याचा हेतू चांगलाच असतो, पण सुतळी फक्त शिरा दाबते. धमनी वाहतच राहते आणि रक्त उलट जास्त जाते. त्यापेक्षा स्वच्छ फडके जखमेवर ठेवून दोन्ही हातांनी दहा मिनिटे दाबून धरा, मध्ये उचलून बघू नका. तरीही रक्त उसळत असेल आणि रुंद पट्टा आवळावाच लागला, तर जखमेच्या वर बांधा, स्वतः सोडू नका. आणि बांधल्याची वेळ पेनने रुग्णाच्या कपाळावर लिहा. कॅज्युअल्टीत आम्ही पहिल्यांदा तेच विचारतो, आणि बहुतेक वेळा सोबत आलेल्यांपैकी कोणालाच ते सांगता येत नाही.