पट्टा आणि पट्ठ्या

आमच्या मंगळवार पेठेत एखादा प्रौढ माणूस पळताना दिसला, की बघणाऱ्याच्या मनात दोनच शंका येतात. एक तर ह्याच्या मागं कुत्रं लागलंय, किंवा पुढं कुठंतरी भांडण जुंपलंय आणि ते चुकू नये म्हणून हा निघालाय. पळण्याला तिसरं कारण असू शकतं, हे पेठेला मान्य नाही. अशा पेठेत मी घरात, चार भिंतींच्या आत, एकाच जागी पळायचं यंत्र आणलं. ते खोकं टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. ती चार माणसं चहा पिऊन बाहेर पडायच्या आत बातमी मिरजकर तिकटी ओलांडून पुढं गेली होती.

"काय राव, रंकाळा आटला काय?" हा पहिला प्रश्न दूधवाल्याचा. इस्त्रीवाला म्हणाला, "साहेब, कपडे वाळत घालायला दोरी स्वस्त पडली असती की!" हा गृहस्थ द्रष्टा होता, पण ते पुढं येईलच.

शेजारचे आबा मात्र काही न बोलता खुर्ची ओढून बसले. वय ऐंशीच्या पुढं, कान कुस्तीत मोडलेले, तारुण्य सगळं लाल मातीत गेलेलं. दहा मिनिटं त्यांनी माझं पळणं पाहिलं. मग विचारलं,

"पळून पोचालायस कुठं?"

"कुठंच नाही, आबा."

"मग पळालायस कशाला?"

त्या वेळी मला उत्तर देता आलं नाही, कारण दम लागला होता. आता लागलेला नाही. तेव्हा उत्तर देतो, आणि जरा भांडणाच्या सुरातच देतो.

आबा, तुम्ही जन्मभर जोर काढलेत ते कुठं पोचायला? हजार बैठका मारणारा पैलवान शेवटी उठतो तो बसला होता त्याच जागी. त्याला कुणी विचारत नाही, "पैलवान, कुठवर आलात?" हाकेच्या अंतरावर आपलं खासबाग मैदान आहे. शाहू महाराजांनी १९०२ साली रोमचं कलोसियम पाहिलं आणि १९१२ पर्यंत कोल्हापुरात असं मैदान उभं केलं, की हजारो माणसांना कुठूनही कुस्ती दिसावी. तिथं आजवर जे जे घडलं, ते मधल्या एका हौद्यात घडलं. एका जागी राहून घाम गाळायची विद्या ज्या गावानं देशाला दाखवली, त्या गावानं पट्ट्यावर पळणाऱ्याला हसावं?

आणि रंकाळ्याचं म्हणाल, तर तो आटलेला नाही. प्रश्न वेगळाच आहे. यंत्र घेतलं ते मुळात आमच्या सूनबाईंसाठी. तिला दहा किलोमीटरच्या शर्यतीत पळायचं आहे. पहाटे साडेपाचला ती रंकाळ्यावर जायची. बाई चालत असेल तर लोक म्हणतात, शुगर असेल बिचारीला. बाई पळायला लागली की मागून येणारी मोटारसायकल उगाचच हळू होते. हे तिनं आम्हाला सांगितलं ते सहा महिन्यांनी, तेही भांडी लावता लावता, पाठमोरी राहून. तिच्यापुरता रंकाळा पूर्ण उजाडल्यावर, सातनंतर उघडतो, आणि सातला तिला तीन डबे भरायचे असतात. त्यात जून ते सप्टेंबर कोल्हापूरचा पाऊस. आता विचारा, "मग पळालायस कशाला?"

इथवर मी पेठेशी भांडलो. आता आमच्याच पक्षाकडं, म्हणजे यंत्र बाळगणाऱ्यांकडं वळतो. कारण पेठेच्या हसण्यानं कुणाचं हाड मोडत नाही. आमच्या वागण्यानं मोडतं.

ह्या यंत्राचं खानदान काही साधं नाही. १८१८ च्या सुमारास विल्यम क्युबिट नावाच्या इंग्रज इंजिनिअरनं तुरुंगातल्या कैद्यांसाठी पायानं फिरवायचं प्रचंड चाक काढलं. कैदी तासन् तास त्याच्या पायऱ्या चढत, आणि पायऱ्या खाली जात. १८९८ च्या कायद्यानंतर इंग्लंडनं ही शिक्षा मोडीत काढली. इंग्रज जे कैद्यांना फुकट देत होता, ते आम्ही हप्त्यानं घेतलं, असं कुणी म्हणेल. पण पुढं अमेरिकेत डॉ. रॉबर्ट ब्रूस ह्यांनी हृदयाची परीक्षा घ्यायला सरकता पट्टा वापरला. दर तीन मिनिटांनी चढ आणि वेग वाढवायचा आणि हृदयाचा आलेख पाहायचा, ही त्यांची पद्धत दवाखान्यात आजही चालते. म्हणजे हे यंत्र तुरुंगातून निघून दवाखान्यातून आपल्या घरी आलं आहे. नीट वागवलं नाही, तर ते आपल्याला ह्यातल्या दुसऱ्या ठिकाणी परत नेऊन पोचवतं.

यंत्र बाळगणाऱ्यांच्या तीन जाती मी पाहिल्या. पहिली वाळवण जात. यंत्र कोपऱ्यात, त्यावर टॉवेल, चादरी, दिवाळीत फराळाचे डबे. दुसरी दांडीधर जात. हे पळतात, पण दोन्ही हातांनी पुढची दांडी एस.टी.त उभं राहिल्यासारखी घट्ट धरून. निम्मा भार दांडीवर, आणि पडद्यावर कॅलरीचा फुगलेला आकडा पाहून संध्याकाळी भज्यांची दुसरी प्लेट. तिसरी जात पराक्रमी. ही पहिल्याच दिवशी वेगाचं बटण दाबतच सुटते.

मी तिसऱ्या जातीचा. पायात घरातल्या स्लिपरा, समोर टी.व्ही. मोठ्यानं लावलेला, वेगाचा आकडा ८. यंत्राबरोबर एक लाल किल्ली येते. तिला दोरी असते, आणि दोरीचा चिमटा आपल्या कपड्याला लावायचा असतो. माणूस मागं घसरला की दोरी ताणते, किल्ली निघते, पट्टा थांबतो. मी किल्ली यंत्रात खोचली होती, पण चिमटा लावणं मला बाळाच्या गळ्यात लाळेरं बांधल्यासारखं वाटायचं. तो लोंबत होता.

चौथ्या दिवशी संध्याकाळी आमची नात, वय वर्षं तीन, हिचा चेंडू घरंगळत यंत्राच्या मागं गेला. मला मागचं दिसत नव्हतं, आणि टी.व्ही.मुळं ऐकूही येत नव्हतं. पट्टा मागच्या रुळाखाली वळून आत जातो, तिथं चेंडू अडकून थरथरत होता, आणि पोरगी तो काढायला वाकली होती. हिनं जी किंकाळी फोडली ती मात्र मला ऐकू आली. मी बटण शोधू लागलो. पळणाऱ्या माणसाला दहा बटणांतलं एक बटण सापडत नाही, हे तेव्हा कळलं. सूनबाई स्वयंपाकघरातून धावत आली, दोरी ओढली. पट्टा थांबला. पोरीचा हात पट्ट्यापासून दोन बोटं लांब होता.

त्या रात्री आमच्या घरी भाकरी तशीच उरली. सूनबाई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

हे केवळ माझ्या वेंधळेपणानं घडतं असं नाही. अमेरिकेत २०२१ साली एका मोठ्या कंपनीला अशी सुमारे सव्वा लाख यंत्रं परत बोलवावी लागली. मुलं, पाळीव जनावरं, वस्तू मागच्या बाजूनं आत ओढल्या गेल्याच्या सत्तरावर तक्रारी होत्या, आणि एका सहा वर्षांच्या मुलाचा जीव गेला होता.

दुसऱ्या दिवशी आबा आले. मला वाटलं, आता हसतील. हसले नाहीत. यंत्राभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले,

"ह्याचा वस्ताद कोण?"

"वस्ताद कसला आबा? बटण दाबायचं आणि पळायचं."

"तितंच चुकलास लेका. तालमीत वस्ताद नसला तर पोरांस्नी बोलत न्हाई आमी. दाराला कडी घालतो."

माझं सगळं म्हणणं ह्या एका वाक्यात आलं. आमची चूक घरात यंत्र आणण्यात नव्हती. तालीम आणून आम्ही तिला दिवाणखान्यातलं फर्निचर समजलो, ही चूक होती. तालमीला वेळ असते, नियम असतात, आणि कुणाचा तरी शब्द शेवटचा असतो. आमच्या घरात तो शब्द त्या दिवसापासून सूनबाईचा. यंत्राबरोबर आलेलं पुस्तक अख्खं वाचलेली ती एकटीच होती. मी, वय अठ्ठावन्न, तिचा पट्ठ्या झालो.

वस्तादांनी पहिल्यांदा जागा बदलली. यंत्राची पाठ तिजोरीला टेकली होती. म्हणजे मी घसरलो असतो तर पट्टा आणि तिजोरी ह्यांच्यामध्ये भरडलो गेलो असतो. आता मागं दोन मीटर आणि दोन्ही बाजूंना अर्धा मीटर जागा मोकळी. सोफा हलला, ही कुरकुरली, पण हलला. दुसरा नियम किल्लीचा. चिमटा कपड्याला लावल्याशिवाय पट्टा सुरू नाही. पळून झालं की किल्ली काढून मारुतीच्या तसबिरीशेजारी उंच खिळ्याला, आणि भिंतीतला प्लग बाहेर. तिसरा नियम दाराचा. पट्टा चालू असताना खोलीचं दार बंद, नात बाहेर, आणि टी.व्ही. गप्प.

मग पळण्याचे नियम. चाळिशी उलटली असेल, बी.पी., शुगर किंवा छातीची काही तक्रार असेल, तर आधी डॉक्टर आणि मग पट्टा. पायात बूट. चालत्या पट्ट्यावर उडी मारायची नाही. दोन्ही पाय कडेच्या पट्ट्यांवर ठेवायचे, पट्टा अगदी हळू सुरू करायचा, मग उतरायचं. दांडी चढता-उतरताना आणि तोल गेला तरच. एरवी हात मोकळे, नजर समोर. लाईट गेली की पट्टा थांबतो, माणूस थांबत नाही, म्हणून दांडी कुठं आहे हे हाताला ठाऊक हवं. शेजारी पंखा हवाच. रस्त्यावर आपण वारा कापत जातो, इथं वारा नाही. घाम नुसताच गळतो आणि अंग तापतं.

चढाचा वाद आमच्या घरी आठवडाभर चालला. मी म्हणत होतो, चढ जितका जास्त तितकी मर्दुमकी. वस्तादांनी १९९६ चं एक इंग्लिश संशोधन पुढं केलं. पट्ट्यावर वाऱ्याचा विरोध नसतो, त्याची भरपाई जोरात पळणाऱ्याला एक टक्का चढानं होते. "आणि बाबा, तुमच्या वेगाला तोही नको," असं वर सांगितलं. वेगाबद्दल माझा अभिमान खडूनं उतरवला. बंद पट्ट्यावर खडूची रेघ मारायची, पट्ट्याची पूर्ण लांबी मोजायची. मग एकानं पळायचं आणि दुसऱ्यानं बाजूला उभं राहून रेघ मिनिटात किती वेळा येते ते मोजायचं. आमचा पट्टा २.८ मीटरचा. रेघ मिनिटाला ४४ वेळा आली. म्हणजे १२३ मीटर, म्हणजे तासाला ७.४ किलोमीटर. यंत्र ८ म्हणत होतं. खडू खोटं बोलत नाही, हे शाळेनंतर पहिल्यांदाच पटलं.

बाकी तालीम साधी आहे. आधी दहा मिनिटं चालणं. मग असं पळणं, की पळता पळता अख्खं वाक्य बोलता यावं. दोन शब्दांत दम लागला तर वेग कमी. आठवड्यातले बहुतेक दिवस एवढंच. एक दिवस एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असं सहा वेळा. शेवटी पाच मिनिटं चालत थंड व्हायचं. एकदम उतरलं तर घेरी येते. आधी वेळ वाढवायचा, वेग नंतर. आणि सूनबाईसारखी शर्यत पळायची असेल, तर रविवारी रस्त्यावर जायचंच, कारण शर्यतीत वळणं असतात, खड्डे असतात, आणि पट्ट्यावर ह्यांपैकी काहीच नसतं. रविवारी आता मी तिच्यामागून सायकलवर असतो. मोटारसायकली हळू होत नाहीत.

शेवटचा नियम तेलाचा. तालमीतली माती रोज उकरावी लागते. तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवावी लागते. पट्ट्याखालीही पुस्तकात लिहिल्याप्रमाणं सिलिकॉनचं तेल लागतं. खोबरेल चालत नाही. हे मी कसं शोधून काढलं, ते विचारू नका. पंधरा दिवस घराला चटणी-भाताचा वास होता.

आबा आता पहाटे येतात. पट्टा सुरू व्हायच्या आधी वाकून चिमटा बघतात, मग खुर्चीवर बसतात. "पोचालायस कुठं?" हे विचारायचं त्यांनी सोडलंय. हल्ली विचारतात, "वस्तादीण बाईंचं पळून झालं काय?" तिचं झालेलं असतं. डबेही भरून झालेले असतात.

इस्त्रीवाल्याचं भाकीत मात्र निम्मं खरं ठरलं. पावसाळ्यात ही त्या यंत्रावर टॉवेल टाकतेच. मी एकदा रागावलो. तशी ती म्हणाली, "अहो, किल्ली खिळ्यावर आहे हे आधी बघते, मगच टाकते." ह्यावर मी काय बोलणार? पुढच्या टॉवेलाचं दुसरं टोक मीच धरलं.