मुलुखमैदानाच्या गावची मुले

विजापूरच्या बुरुजावर पर्यटक जिच्यापुढे छायाचित्रे काढून घेतात, ती मुलुखमैदान तोफ १५४९ मध्ये निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, ओतली गेली. पुढे याच शहरात लष्कराचे चिलखती दल प्रशिक्षण केंद्र आले, मेकॅनाइज्ड इन्फन्ट्रीचे केंद्र आले. खारे कर्जुन्याच्या के. के. रेंज या लष्करी सरावक्षेत्रावरचे धडाके तर नगर, पारनेर, राहुरीच्या गावांच्या अंगवळणीच पडले. अशा या १४ तालुक्यांच्या अहिल्यानगर जिल्ह्यात एखाद्या शाळकरी मुलीला नेमबाजी शिकायची असेल, तर मात्र दोनच गोष्टी विचारल्या जातात: शहरात राहतेस का आणि वडिलांना परवडेल का? मनू भाकर आणि स्वप्निल कुसळे यांच्या पॅरिस ऑलिम्पिकमधल्या पदकांनंतर पालकांचा ओढा या खेळाकडे वाढला, हे चांगलेच झाले. पण ही वाढ खासगी अकादमीच्या फीवर सोडून दिली, तर ती शहराबाहेर पडणार नाही. नेमबाजी शाळेच्या वाटेनेच तालुक्यात यायला हवी आणि त्यात या जिल्ह्यात लष्कराचा वाटा असायला हवा.

शाळेच्या वाटेने हा खेळ किती फोफावू शकतो, ते अमेरिकेत दिसते. मिनेसोटा राज्यात २००१ मध्ये तीसेक विद्यार्थ्यांपासून सुरू झालेली शालेय ट्रॅप नेमबाजीची लीग आज अनेक राज्यांत पसरली असून हजारो मुले-मुली तीत उतरतात. बंदूक शाळेत आणायची नाही, सुरक्षिततेचे प्रमाणपत्र आधी मिळवायचे, सराव गावाजवळच्या रेंजवर करायचा आणि गुण कळवायचे. स्पर्धेसाठी प्रवास नाही, की राखीव खेळाडूंचा बाकही नाही. हे रोपटे आपल्याकडे जसेच्या तसे लावता येणार नाही, कारण तिथे बारा बोअरची बंदूक अनेक घरांत सापडते. शिवाय ट्रॅप हा खर्चिक खेळ आहे. खंदकात १५ यंत्रे दडवलेली असतात, नेमबाज त्यांच्या १५ मीटर मागे उभा राहतो. त्याने हाक दिली की बशीएवढी, ११० मिलिमीटर व्यासाची चकती ताशी १०० किलोमीटरहून अधिक वेगाने सुटते. डावीकडे जाणार की उजवीकडे, हे त्याला ठाऊक नसते. ऑलिम्पिकच्या पात्रता फेरीत अशा १२५ चकत्या असतात आणि प्रत्येकीवर दोन गोळ्या झाडता येतात. म्हणजे त्या तोडीच्या एका सरावाला किमान १२५ काडतुसे संपतात. भारतात हा खेळ बिकानेरचे महाराजा कर्णीसिंग आणि पतियाळाच्या राजघराण्यातले रणधीर सिंग यांच्या नावाने आधी ओळखला गेला, यात म्हणूनच नवल नाही. २००४ मध्ये अथेन्सला डबल ट्रॅपचे रौप्यपदक जिंकणारे राज्यवर्धन सिंग राठोड मात्र लष्करी अधिकारी होते. आमच्या मुद्द्याला हा दाखला महत्त्वाचा आहे.

ट्रॅपचा हा खर्च पाहता क्रम ठरवावा लागेल. आधी दहा मीटर एअर रायफल आणि पिस्तूल, मग ट्रॅप. महाराष्ट्राचा अनुभवही हेच सांगतो. जागतिक विजेती तेजस्विनी सावंत आणि आशियाई सुवर्णविजेती राही सरनोबत या दोघी कोल्हापूरच्या उषाराजे हायस्कूलच्या. राहीच्या हाती रायफल आली ती शाळेतल्या एनसीसीमुळे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल हा शिक्षकाचा मुलगा. तो घडला राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत. खाशाबा जाधवांच्या १९५२ च्या कांस्यपदकानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक त्याने २०२४ मध्ये मिळवून दिले. ०.१७७ बोअरच्या एअर रायफलला परवाना लागत नाही. एक लांबट खोली, चांगला उजेड, छर्रे अडवणारी भिंत एवढ्यावर काम सुरू होते. अडते ते पुढे. साध्या खाचेतून नेम धरायच्या ओपन साइट रायफलीवर जिल्हा जिंकलेले मूल बारीक छिद्रातून नेम धरायच्या पीप साइटच्या परदेशी, लाखांच्या घरातल्या रायफलीपाशी येऊन थांबते. प्रत्येक तालुका क्रीडा संकुलात अशा चार-दोन रायफली ठेवाव्यात, वाचनालयातल्या पुस्तकासारखी त्यांची नोंद व्हावी आणि पाळीपाळीने मुलांना त्या मिळाव्यात. दहावी-बारावीच्या वाढीव गुणांपुरते नेम धरणारे येतील, येऊ देत. दहांतला एक टिकला तरी पुरे.

मुलांच्या हाती बंदूक देता, आणि तीही जिथे गावठी कट्टे सापडल्याच्या बातम्या येत असतात त्या जिल्ह्यात, असा आक्षेप येईल. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पण कट्टा रेंजवरून येत नाही. रेंजवर प्रत्येक काडतुसाचा हिशेब असतो. कायद्यानेही २१ वर्षांच्या आत शस्त्र बाळगता येत नाही. बारा वर्षांवरील मुलांना सूट आहे ती देखरेखीखालच्या प्रशिक्षणापुरती. दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. २०१७ मध्ये याच जिल्ह्यातल्या निंबोडीच्या जिल्हा परिषद शाळेचे छत कोसळून मुले दगावली, तिथे रायफलींचे कौतुक कशाला? छत आधी, याबद्दल वादच नाही. मात्र छताचा पैसा खेळात वळवा असे कुणी म्हणत नाही. जिल्हा नियोजनातून क्रीडा संकुलांसाठी जो निधी येतो, त्यातून नुसत्या कमानी आणि कुंपणे उभारण्याऐवजी एक खोली नेमबाजीला द्या, एवढेच मागणे आहे. ट्रॅपच्या छऱ्यांतले शिसे शेतात झिरपेल ही भीतीही रास्त आहे, आणि म्हणूनच ती रेंज शेतजमिनीवर नको.

मग कुठे हवी? ती लष्कराच्या हद्दीत हवी. लष्कराला हे काम नवे नाही. महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमधून ऑलिम्पिक रौप्यविजेता विजय कुमार घडला. अहिल्यानगरच्या केंद्रांनी आपल्या जागेत एक शॉटगन रेंज उभारावी, आठवड्यातून एक दिवस एनसीसीच्या देखरेखीत ती शाळांना खुली करावी आणि काडतुसांचा भार क्रीडा खात्याने उचलावा. प्रवेशात पहिला हक्क के. के. रेंजलगतच्या गावांतल्या शाळांचा असावा. रेंजसाठी जमिनी जातील या धास्तीत त्या गावांनी वर्षानुवर्षे काढली आहेत, आणि लष्कराकडून त्यांच्या मुलांच्या वाट्याला आजवर धडाक्यांखेरीज फारसे काही आलेले नाही.