दिवे वाढले, पतंग किती उरले?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्‌घाटन झाले. त्याच्या शेजारी, पनवेलला लागून असलेली सिडकोची करंजाडे वसाहत आहे. अशा भागात इमारतींबरोबर रात्रीचा उजेडही वाढतो. त्याचा पहिला फटका बसतो तो पतंगांना, म्हणजे फुलपाखरांच्या निशाचर भाऊबंदांना.

भारतात पतंगांच्या दहा हजारांहून अधिक जाती आहेत. रात्री उमलणाऱ्या फुलांचे परागीभवन ते करतात. त्यांच्या अळ्यांवर पक्षी पिल्ले वाढवतात, तर वटवाघळे पतंगांवर जगतात. दक्षिण इंग्लंडमधील २०२१च्या अभ्यासात, रस्त्यावरच्या दिव्यांखालील झुडपांत अंधाऱ्या जागेपेक्षा ४७ टक्के कमी अळ्या आढळल्या. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांपेक्षा पांढऱ्या एलईडीचा परिणाम अधिक होता. आपल्याकडे २०१५पासून रस्त्यांवर एलईडी बसवण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. विजेची बचत झाली, पण उजेडाचा रंग बदलला. निळसर पांढरा प्रकाश माणसाच्या झोपेलाही बाधतो.

आपल्या भागात काय घडते आहे, हे कळायला आधी मोजणी हवी. ती घरच्या बागेत किंवा गच्चीतही करता येते. पांढरी चादर ताणून बांधावी, तिच्यासमोर दिवा लावावा आणि दोन तासांत बसलेल्या पतंगांचे वरून व बाजूने फोटो काढावेत. शेजारी पट्टी धरली की आकार कळतो. मग दिवा बंद करावा, म्हणजे पतंग आपोआप पांगतात. केसाळ सुरवंटांना मात्र हात लावू नये, अंगाला खाज सुटते.

ओळख पटवताना झाडांचीही मदत होते. तगर, कण्हेर किंवा सदाफुलीवर निळ्या डोळ्यांसारखे ठिपके असलेली जाड हिरवी अळी दिसली, तर ती कण्हेरीच्या हिरव्या पतंगाची. बाकीच्यांसाठी ‘मॉथ्स ऑफ इंडिया’ हे संकेतस्थळ आहे. प्रत्येकाचे नाव फोटोवरून सापडेलच असे नाही. तरी तारीख, वेळ आणि संख्या लिहून ठेवावी.

चांदण्या रात्री चादरीवर कमी पतंग येतात. म्हणून दर महिन्याला अमावस्येच्या आसपास, त्याच जागी, तोच दिवा लावून मोजावे. एका रात्रीच्या आकड्याला फारसा अर्थ नाही, पाच वर्षांच्या वहीला आहे. रस्त्यावरचे दिवे पिवळसर आणि वरून झाकलेले असावेत, ही मागणी करताना हातात तीच वही असेल.