पंचनामा झाला, पुढे काय?

मंडळी, तौक्ते वादळ लोक विसरले, पण आमच्या कर्जाच्या वहीत ते अजून आहे. १५-१६ मे २०२१ ला ते गोव्याच्या किनाऱ्यावरून गेलं, १७ च्या रात्री गुजरातेत धडकलं. लगेच १ जूनपासून ६१ दिवसांची मासेमारी बंदी! ज्याची होडी फुटली, त्याने ऑगस्टपर्यंत खायचं काय? खलाश्यांची उचल तर द्यावीच लागते. त्यासाठी घरातलं सोनं गहाण गेलं.

पंचनाम्यात फुटलेली फळी दिसते, हे दिसत नाही. मदत एकदा येते (आली तर), हप्ता दर महिन्याला. आमचं मत स्पष्ट आहे: होडी पुन्हा पाण्यात उतरून एक पुरा हंगाम होईपर्यंत वसुली थांबवावी, आपल्या संस्थेनेसुद्धा.

अजून एक. मत्स्यसंपदा योजनेतला अपघात विमा माणसाचा आहे, मृत्यू झाल्यास ५ लाख. होडीचा नाही! बरेच जण इथेच फसतात. होडीचा विमा वेगळा काढा. आणि बंदीत होडी वर ओढाल तेव्हा जाळी, इंजिनासकट फोटो काढून ठेवा. वादळानंतरच्या फोटोवरून आधी काय होतं ते कुणाला पटत नाही.