कैलास कुणी खोदला?

१४ जानेवारीला, नामविस्तार दिनाला, मुलुंडहून आम्ही पाच पोरं मराठवाडा विद्यापीठाच्या गेटवर गेलो. अभिवादन केलं. दुसऱ्या दिवशी वेरूळ. सोळा नंबरचं लेणं, कैलास.

मित्रांनो, खोटं कशाला बोलू? बघून गप झालो.

मी गोदीत माल उतरवतो. मला तिथं देव दिसला नाही, वजन दिसलं. अंगण २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद. मागचा कडा १०७ फूट उंच. आधी कळस, मग पाया, असं वरून खाली उतरत कोरलेलं. छिन्नी चुकली तर जोडायला दुसरा दगड नाही. खोदून काढलेला दगड अंदाजे दोन लाख टन सांगतात. तो वाहिला कुणी? कुणाच्या मानेचे मणके झिजले?

नाव राजाचं. राष्ट्रकूट कृष्ण पहिला, आठवं शतक. गाईड हात जोडून म्हणाला, हे माणसाचं कामच नव्हे. मागून एकजण मोबाइल नाचवत बोलला, एलियननी केलंय. वा रे पठ्ठ्या! परग्रहावरचा चालतो, घमेलं उचलणारा चालत नाय!

राष्ट्रकूट कर्कराजाचा बडोद्याचा ताम्रपट आहे, इ. स. ८१२ च्या सुमाराचा. त्यात लिहिलंय, हे देऊळ घडवणारा कारागीर स्वतःच चकित झाला. आपल्या हातून हे झालं कसं, याचं त्यालाच नवल वाटलं. म्हणजे माणूस होता. त्याचं नाव? नाही. पण त्याच ताम्रपटानं ज्या ब्राह्मणाला गाव दान दिलं, त्याचं नाव बापाच्या नावासकट कोरलंय.

१९३४ साली बाबासाहेब सोबत्यांना घेऊन हीच लेणी बघायला निघाले होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यात सोबत्यांनी टाक्याच्या पाण्यानं हातपाय धुतले, तर पाणी बाटवलं म्हणून जमाव अंगावर आला. तो जमाव मुसलमानांचा होता. जात धर्म बदलूनही मागं येते. हात लागला की पाणी बाटतं. मग कष्टकऱ्यांचे हजार हात लागलेला हा डोंगर पवित्र कसा?

आपल्यातले काही म्हणतात, देऊळ त्यांचं, आपण बुद्धाची बारा लेणी बघून माघारी फिरावं. मला पटत नाही. दहा नंबरच्या चैत्याला लोक सुतार की झोपडी म्हणतात, कारण दगडात लाकडासारख्या तुळया कोरल्यात. तिथंही छिन्नीच आणि इथंही छिन्नीच. देव ज्याचा त्यानं ठेवावा. पण घाम देवाच्या नावावर जमा करू देणार नाही.

परत मुलुंडला उतरलो. स्टेशनबाहेर टॉवरचं काम चालू. बोर्डावर बिल्डरचं नाव, हातभर अक्षरांत. बांबूच्या परातीवर चाळीस माणसं.

बाराशे वर्षं झाली. पाटी तीच आहे. लिहिता येणाऱ्यांनो, आता त्या चाळिसांची नावं विचारा. आणि लिहा.