संशोधनाचा विषय आपल्या दारात आहे

आपल्या शाळेतून बाहेर पडलेली अनेक मुले-मुली आज समाजशास्त्र, अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, इतिहास आणि समाजकार्य या विषयांत पदव्युत्तर शिक्षण घेत आहेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार २०२३-२४ पासून महाराष्ट्रातील पदव्युत्तर अभ्यासक्रमांत संशोधन प्रकल्पाचा अंतर्भाव झाला आहे. त्यामुळे पूर्वी केवळ पीएच.डी.च्या उमेदवाराला पडणारा प्रश्न आता एम.ए.च्या प्रत्येक विद्यार्थ्यासमोर उभा आहे : संशोधनासाठी विषय कोणता घ्यावा? या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव यांच्यासमोर याच प्रश्नाविषयी काही विचार मांडावेत, असे वाटते.

काही वर्षांपूर्वी एक विद्यार्थी विषयांची यादी घेऊन माझ्याकडे आला. यादीत ‘अमुक महापुरुषांचे शैक्षणिक विचार : एक अभ्यास’, ‘तमुक योजनेचे मूल्यमापन’ अशी दहा-बारा शीर्षके होती. ती सारी कुठून तरी उतरवून घेतलेली होती. मी त्याला घरची चौकशी केली. आई-वडील दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात, ते पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. म्हणूनच आपण निवासी शाळेत शिकलो, असे त्याने सांगितले. “मग याच विषयावर का लिहीत नाहीस?” असे विचारताच तो गोंधळला आणि म्हणाला, “सर, तो विषय होतो का?”

त्याच्या या प्रश्नाने मला अस्वस्थ केले. आपले जगणे हा ज्ञानाचा विषय होऊ शकतो, हेच त्याला सतरा वर्षांच्या शिक्षणात कोणी सांगितले नव्हते. दोष त्याचा नव्हता. तो आम्हा शिकविणाऱ्यांचा होता.

वास्तविक आपल्यासमोरचा आदर्श अगदी वेगळा आहे. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात डॉ. गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. परदेशात शिकणाऱ्या त्या विद्यार्थ्याने ज्या व्यवस्थेचे चटके स्वतः सोसले, तिचीच उत्पत्ती आणि यंत्रणा शोधण्याचे काम हाती घेतले. त्यांनी तक्रार मांडली नाही, सिद्धांत मांडला : जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे. पुढे १९१८ मध्ये त्यांनी शेतीच्या लहान तुकड्यांच्या प्रश्नावर लेख लिहिला आणि शेतीवरचा अतिरिक्त माणसांचा भार हे मूळ दुखणे असल्याचे दाखवून दिले. सोयाबीन आणि तुरीच्या दोन-तीन एकरांवर संसार ओढणाऱ्या आपल्या वाशीम जिल्ह्याला तो प्रश्न आजही जुना झालेला नाही.

१ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा पुढे देशाच्या नजरेत आला तो दोन याद्यांमुळे. २००६ साली शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर पंतप्रधानांनी विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी विशेष साहाय्य जाहीर केले, त्यांत वाशीम होता. २०१८ साली नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांत त्याची गणना झाली. आरोग्य, शिक्षण, शेती यांचे आकडे आता नियमितपणे दिल्लीला जातात. परंतु आकड्यामागचे माणूस कोण सांगणार? शाळेतील गळतीची टक्केवारी कार्यालयाला कळते. मुलगी नेमकी कोणत्या महिन्यात आणि कोणाला सांभाळण्यासाठी शाळा सोडते, हे तिच्या वस्तीत वाढलेल्या संशोधकाला कळते.

विषय शोधायला दूर जावे लागत नाही. भूमिहीनांचा प्रश्न घ्या. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली १९६४ साली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह झाला. त्यांच्याच नावाच्या शासकीय योजनेत अनुसूचित जाती व नवबौद्ध भूमिहीन कुटुंबाला चार एकर कोरडवाहू किंवा दोन एकर बागायती जमीन देण्याची तरतूद आहे. ज्यांना जमीन मिळाली, ती आज कोण कसते? विहीर झाली का? सातबाऱ्यावर घरातील स्त्रीचे नाव आहे का? ई-क्लास जमिनीवर दोन पिढ्या वहिती करणाऱ्यांचे काय झाले? एका तालुक्यातील पन्नास कुटुंबांचा प्रामाणिक अभ्यासही मोलाचा ठरेल.

मानोरा तालुक्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी आहे. तांड्यावरचे स्थलांतर, बोलीभाषा आणि शाळेतील मराठी यांमधील अंतर, हा तेथील विद्यार्थ्याचा हक्काचा विषय आहे. आणि आपल्या शाळेचे दाखलखारीज रजिस्टर? त्यात गावे आहेत, पालकांचे व्यवसाय आहेत, शाळा सोडल्याची कारणे आहेत. नावे गुप्त ठेवून आणि संस्थेची रीतसर परवानगी घेऊन ते वाचले, तर एका समाजाच्या स्थित्यंतराचा इतिहास हाती येईल.

एका कामाला मात्र आता उशीर परवडणारा नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर दहा वर्षांचे मूल म्हणून गेलेली व्यक्ती आज ऐंशीच्या घरात आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतील स्त्रियांना भेटून १९८९ साली ‘आम्हीही इतिहास घडवला’ हा ग्रंथ सिद्ध केला नसता, तर त्यांतील कितीतरी स्त्रियांची नावेही उरली नसती. एलिनॉर झेलियट या अमेरिकन विदुषींनी येथे येऊन, कार्यकर्त्यांना भेटून, पत्रके धुंडाळून आपल्या चळवळीवर प्रबंध लिहिला; १९६९ साली त्यांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची पदवी मिळाली. त्यांचे ऋण आपण मानतोच. परंतु आपल्या घरातील पेटीत पडलेली पत्रके, सभांची निमंत्रणे आणि छायाचित्रे वाळवी खात असताना आपण दुसऱ्या झेलियटची वाट पाहावी काय?

एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. आपल्या माणसांवरील संशोधन म्हणजे आपल्या माणसांची स्तुती नव्हे. आपल्यातील पोटजातींची अंतरे, लग्नातील हुंडा, आंतरजातीय विवाहाला घरातून होणारा विरोध, व्यसनाधीनता, हेही विषय आहेत. बाबासाहेबांनी विवाहाच्या बंधनात जातीचे मूळ दाखविले. ते बंधन आपल्या घरात किती सैल झाले, हे मोजण्याचे धैर्य त्यांच्या अनुयायांत असले पाहिजे. उत्तर आधी ठरवून केलेली पाहणी संशोधन नसते. तसेच ज्याने आपल्याला ओसरीवर बसवून मन मोकळे केले, त्याची संमती घेणे आणि काम पूर्ण झाल्यावर त्याला ते वाचून दाखविणे हेही संशोधकाचे कर्तव्य आहे.

पालकांना विनंती एवढीच की, मुलगा किंवा मुलगी वही घेऊन जुन्या गोष्टी विचारू लागली, तर “त्यात काय लिहायचे?” असे म्हणू नका. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या प्रबंधाची एक प्रत शाळेच्या ग्रंथालयाला द्यावी आणि विषय निवडणाऱ्या धाकट्या भावंडांना एक दिवस द्यावा. त्या विद्यार्थ्याने पुढे वीटभट्टी कामगारांच्या मुलांच्या शिक्षणावर आपला प्रकल्प लिहिला. माहिती देणाऱ्यांत त्याची आईही होती. आपले म्हणणे कोणीतरी लिहून घेत आहे, असा प्रसंग तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.